बारा एक्केचाळीसची कमांड

१

"नवं टाकायच्या आधी जुनं काही पडलेलं असेल तर ते काढ. आणि कुठलीही कमांड द्यायच्या आधी टूललाच विचार, मी कोण आहे म्हणून. ते सांगेल ते नाव वाच, मगच एंटर मार."

बुधवारी सकाळी अण्णा चहाचा कप हातात घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी थांबत होते आणि हेच सांगत होते. अण्णा म्हणजे ऑफिसातले सगळे सर्व्हर सांभाळणारा पन्नाशीचा माणूस. घरातला थोरला जसा गॅस बंद केला का, कडी लावली का, असं विचारत फिरतो, तसे ते फिरायचे. तिच्या टेबलाशी आले तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "अण्णा, मी बाळंत झाले, बावळट नाही झाले."

मागे कोणीतरी खुसखुसलं. अण्णा पुढच्या टेबलाशी गेले आणि तिथून मंजुळ आवाज आला, "हो अण्णा, लिहूनच घेते."

तो आवाज ऐकला की हिची बोटं कीबोर्डवर जरा जोरात आपटायची.

हिला ऑफिसात आता सगळे लेकुरवाळी म्हणत. आणि मंजुळ आवाजाची ती मुलगी म्हणजे बदली. लेकुरवाळी बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिच्या जागी सहा महिन्यांसाठी आलेली, म्हणून तिचं नावच बदली पडलं. सहा महिने उलटले, लेकुरवाळी परत येऊन तीन आठवडे झाले, तरी बदली होतीच. खिडकीजवळच्या खुर्चीत. लेकुरवाळीच्या खुर्चीत.

खुर्चीचं एक वेळ जाऊ दे. पण अण्णा आता तिला 'पोरी' म्हणत, जी हाक इतकी वर्षं हिची होती. खिडकीतलं रोपटं, जे हिच्या हातून तीन वर्षांत एक कळी धरेना, ते बदलीच्या हातून फुललं होतं. आणि सगळ्यात वर म्हणजे, बाळ बघायला सगळं ऑफिस घरी आलं होतं तेव्हा पिल्लूने मॅडमकडे बघून भोकाड पसरलं, अण्णांकडे बघून भोकाड पसरलं, आणि बदलीच्या खांद्यावर डोकं टेकून ढाराढूर झोपलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, "हात गोड आहे गं हिचा." लेकुरवाळी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावत बसली होती.

परत आल्या दिवशी तिने एकच गोष्ट ठणकावून मागितली. "माझा लॅपटॉप मला द्या." बदलीने तो फडक्याने पुसून हातात दिला आणि स्वतः कपाटातला नवा घेतला. एवढा एक विजय.

ऑफिस छोटं होतं. तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, मॅडमची काचेची केबिन आणि मागे जुन्या मॉनिटरांची अडगळ. डायलिसिसच्या एका केंद्राचं काम ते करत. कुणाची पाळी कधी, मशिन कुठलं, वेळ बदलली तर पेशंटला मोबाइलवर निरोप. हे सगळं चालायला प्रोग्रॅमला पासवर्ड आणि तशाच सांकेतिक अक्षरांच्या किल्ल्या लागतात आणि त्या इतके दिवस साध्या फायलींत उघड्यावर पडलेल्या असायच्या. म्हणून आता अण्णांनी एक टूल आणलं होतं. काळ्या खिडकीत कमांड टाइप करून ते लॅपटॉपवर बसवायचं, एकदा लॉगिन करायचं, की सगळ्या किल्ल्या दूरच्या एका कुलूपबंद जागी राहतात. त्या जागेला ऑफिसात तिजोरी म्हणत.

लेकुरवाळीने टूल दहा मिनिटांत बसवलं. 'यशस्वी' असं हिरव्या अक्षरांत आलं आणि तिने खिडकी मिटून टाकली.

गुरुवारी जेवणाच्या आधी हाताशी काम नव्हतं, तेव्हा तिने लॅपटॉपवरून बदलीच्या खुणा काढायला घेतल्या. पडद्यावरचा डोंगराचा फोटो. कोपऱ्यातले तिचे शॉर्टकट. तिने साठवलेली गाण्यांची यादी. काळ्या खिडकीत तिच्या नावाचं पडून राहिलेलं लॉगिन. शब्दकोशात तिने भरलेले शब्द. सगळं झाडून झाल्यावर अंघोळ केल्यासारखं वाटलं. मग ती अडगळीच्या खोलीत गेली, दाराला खुर्ची लावली, घरी फोन लावला आणि पिल्लूच्या रडण्याकडे कान देत दूध काढत बसली.

बाहेर आली तेव्हा अण्णा उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तिजोरी रिकामी आहे," ते म्हणाले. "कोणीतरी सगळ्या किल्ल्या पुसल्यात."

२

नेमकं त्या दिवशी केंद्रातलं एक मशिन बिघडलं होतं आणि दुपारच्या सगळ्या पाळ्या पुढे सरकल्या होत्या. एक वाजता निरोप जायचे होते. किल्ल्याच नाहीत म्हटल्यावर एकही गेला नाही. अकरा पेशंट जुन्या वेळेला जाऊन बसले. त्यांतल्या एक आजी तीन तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होत्या, पाय सुजलेले, मुलगा फोनवर ओरडत होता.

अण्णांनी आदल्या दिवशीच्या प्रतीवरून किल्ल्या परत भरल्या. त्याला दोन तास लागले. साडेतीनला मॅडमनी लेकुरवाळीला केबिनमध्ये बोलावलं.

"दार लाव," मॅडम म्हणाल्या. "केंद्रातून डॉक्टरांचा फोन होता. उद्या बारापर्यंत लेखी हवंय. काय झालं ते नकोय त्यांना, कोणी केलं ते हवंय. नाव."

टेबलावर एक कागद होता. तिजोरीच्या नोंदवहीतली एक ओळ, मॅडमना वाचता यावी म्हणून अण्णांनी लहान करून दिलेली. वेळ बारा एक्केचाळीस. काम, सर्व किल्ल्या पुसणे. आणि कोणी, तर पुढे बदलीचं लॉगिन.

लेकुरवाळीच्या छातीत काहीतरी एकदम हलकं झालं. तिला त्याची लाज वाटली, पण हलकं झालं ते झालं.

"माझ्या मते प्रकरण उघड आहे," मॅडम म्हणाल्या. "तुला माहितीये, पुढच्या महिन्यापासून एकच जागा ठेवणं परवडणारं आहे. तिलाही ते ठाऊक आहे. तू आल्या आल्या गोंधळ उडाला तर दोष तुझ्या माथी जाईल, असं वाटलं असेल तिला. पण नुसत्या कागदावर मी कुणाचं आयुष्य लिहून टाकणार नाही. तू जुनी आहेस. तू सगळ्यांशी बोल, आणि मला उद्या लिहून दे."

"मी?"

"का? जमणार नाही?"

"जमेल की," लेकुरवाळी म्हणाली. जरा घाईनेच म्हणाली.

बाहेर येताना तिने काचेतून पाहिलं. खिडकीजवळचं टेबल मोकळं होतं. कप नाही, वही नाही, रोपटंसुद्धा अण्णांच्या टेबलावर सरकवलेलं. कालपर्यंत हे सगळं तिथे होतं.

पळायची तयारी, तिच्या मनात आलं. म्हणजे बदलीबाईंना आधीच माहीत होतं.

३

पहिले मास्तर. पूर्वी शाळेत शिकवायचे, आता प्रोग्रॅम तपासून त्यातल्या चुका काढायचे, आणि माणसांच्याही काढायचे. नव्या टूलला त्यांनी पहिल्या दिवसापासून नाक मुरडलं होतं.

"मास्तर, बारा एक्केचाळीसला तुम्ही कुठे होतात?"

"अरे वा, चौकशी!" मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "डबा खात होतो. साक्षीदार म्हणून डबा हजर करू?"

"तुम्हाला हे टूल नकोच होतं ना?"

"मला पुष्कळ गोष्टी नकोत, बाई. हा पंखा नको, तो खुरखुरतो. मॅडमचा सोमवारचा दीड तासाचा उपदेश नको. म्हणून मी तिजोरी फोडत नाही."

"मग तुमच्या लॅपटॉपवरचं टूल दाखवा."

इथे मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग खुर्ची सरकवून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अण्णांना सांगू नकोस. मी बसवलंच नाही. काल सगळ्यांबरोबर 'झालं झालं' म्हणालो. ती काळी खिडकी उघडली की मी लगेच बंद करतो."

तिने पाहिलं. खरंच नव्हतं. तिजोरीच्या दारापर्यंत जायचा रस्ताच मास्तरांकडे नव्हता. एक नाव गळलं.

"आणि तू?" मास्तरांनी शिक्षकी सवयीने विचारलं. "तू कुठे होतीस?"

"मी आत होते. दूध काढत."

"बरं," मास्तर म्हणाले आणि चष्मा खाली घेतला. "एक सांगू? ती पोर डब्याच्या वेळेला जिन्यात फोनवर बोलत होती. मला पाहिलं आणि दचकली. फोन ओढणीत लपवला."

४

बदली खाली मान घालून समोर बसली. रडलेली दिसत होती, पण डोळे पुसून आली होती.

"ताई, मी नाही केलं."

"लॉगिन तुझं आहे."

"हो. पण मी नाही."

"बारा एक्केचाळीसला काय करत होतीस?"

"जिन्यात होते. फोनवर."

"कुणाशी?"

बदली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. लेकुरवाळीला आतून उकळी फुटली. इतके दिवस अण्णांची पोरी, मॅडमची गुणी, सासूबाईंची गोड हाताची, आणि आता बघा!

"अगं, फोन कुणाचा ते सांगता येत नाही, टेबल रिकामं का ते सांगता येत नाही. मग मी मॅडमना काय सांगू?"

"टेबल तुमचं आहे म्हणून मोकळं केलं," बदली म्हणाली. इतक्या सरळपणे म्हणाली की लेकुरवाळीने विषयच बदलला.

"लॅपटॉप दाखव."

बदलीने तो तिच्याकडे वळवला. कपाटातला नवा लॅपटॉप. लेकुरवाळीने काळी खिडकी उघडली, दिलेल्या सगळ्या कमांडची यादी वर सरकवत पाहिली. अण्णांनी सांगितलं तसंच, ओळ न् ओळ. टूल बसवलं. मी कोण विचारलं. नाव वाचलं. त्यानंतर बारा एक्केचाळीसच्या आसपास काहीच नाही.

"यादी पुसता येते," लेकुरवाळी म्हणाली.

"येते," बदली म्हणाली. "पण मग बुधवारचीही गेली असती ना, ताई?"

मुद्दा बरोबर होता. त्याचाच राग आला.

संध्याकाळी मॅडमनी बदलीला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून फक्त तोंडं हलताना दिसत होती. पाच मिनिटांनी बदली बाहेर आली, बॅग उचलली आणि सगळ्यांकडे एकदा बघून गेली. मास्तर दोनदा खाकरले. उद्यापासून ती येणार नाही, हे सगळ्यांना कळलं.

त्या संध्याकाळी पिल्लूला पाजताना लेकुरवाळी खुशीत असायला हवी होती. पण गणित सुटलं तरी उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळत नसलं की वाटतं, तसं वाटत होतं. खोटं बोलणारी माणसं इतकं कमी बोलत नाहीत. फोन कुणाचा, याला एखादी थाप मारायला बदलीला काय झालं होतं?

सासूबाईंनी विचारलं, "ती गोड हाताची बरी आहे ना गं?"

"मला काय माहीत?" ती एवढ्या जोरात म्हणाली की पिल्लू दचकून रडायला लागलं.

५

शुक्रवारी सकाळी नऊलाच ती अण्णांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. रोपटं तिथेच होतं, फुलासकट.

"अण्णा, मॅडमना दिलेली ती ओळ लहान केलीत ना? मला आख्खी दाखवा."

"आज आठवण झाली होय," अण्णा म्हणाले. रात्रभर झोपले नसावेत. त्यांनी नोंदवही पडद्यावर उघडली. ओळीत बऱ्याच गोष्टी होत्या. जागेचा पत्ता होता, पण ऑफिसातून बाहेर जाणारं सगळं एकाच पत्त्यावरून जातं, म्हणून त्याचा उपयोग नव्हता. शेवटी मात्र एक आकडा होता. कमांड देणाऱ्या टूलची आवृत्ती.

"शून्य पूर्णांक नऊ," लेकुरवाळीने वाचलं. "आपण बसवलं ते एक पूर्णांक चार ना?"

"हो."

"बदलीच्या लॅपटॉपवर एक पूर्णांक चारच आहे. मी काल पाहिलं. दुसरं काही नव्हतंच तिथे."

"म्हणूनच म्हणतो, माझं मन घेत नाही," अण्णा म्हणाले. "आणि माझीही चूक आहे, मी मॅडमना सांगणार आहे. ते लॉगिन जुनं. चार महिन्यांपूर्वी हे टूल आपल्याला चालेल का बघायला त्या पोरीने आणि मी मिळून ते आजमावून पाहिलं. तेव्हाची आवृत्ती शून्य पूर्णांक नऊ. सगळ्या किल्ल्या तिनेच पहिल्यांदा तिजोरीत भरल्या. पुढे सगळं नीट चाललं, मग त्याच किल्ल्या कामाला लागल्या. ते आजमावण्यापुरतं लॉगिन बंद करायचं राहून गेलं."

चार महिन्यांपूर्वी. ती तेव्हा घरी, टाके ओढले जाताहेत म्हणून कुशीवर वळता येत नव्हतं, आणि इथे अण्णा हिच्या जागी दुसरीला शिकवत होते. जुनी कळ परत उठली. पण त्या कळेच्या खालून एक प्रश्नही वर आला.

"अण्णा, त्या जुन्या टूलला 'साफ' अशी कमांड आहे?"

"आहे की. नव्यात ती फक्त आपल्या लॅपटॉपवरचं लॉगिन पुसते. जुन्यात जरा राक्षसी होती. त्या लॉगिनने जे जे म्हणून भरलं असेल, ते तिजोरीतूनसुद्धा पुसायची. म्हणून तर बदलली त्यांनी." अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "का गं?"

"काही नाही. ते आजमावणं कुठल्या लॅपटॉपवर केलंत तुम्ही?"

"तिच्या."

"नव्या?"

"नवा तेव्हा कपाटात होता," अण्णा सावकाश म्हणाले. "तिच्या म्हणजे, तेव्हा जो तिच्याकडे होता, तो."

६

टेबल ते टेबल सात पावलं होती. ती येऊन बसली. लॅपटॉप उघडला, काळी खिडकी उघडली, आणि टूलला त्याची आवृत्ती विचारली.

शून्य पूर्णांक नऊ.

तिने बुधवारी नवं बसवलं होतं, ते होतंच. पण जुनंही होतं. एका घरात एकाच नावाची दोन माणसं असली तर हाक मारल्यावर दाराजवळचा आधी ओ देतो, तसं झालं होतं. प्रोग्रॅम नव्याला नेमक्या पत्त्यावर गाठत होते. हाताने टाइप केलं की मात्र जुनं उठून येत होतं.

तिने आपल्या कमांडची यादी वर सरकवली.

गुरुवार. पहिल्यांदा नुसतं टूलचं नाव. काल ते टाइप केल्यावर उत्तर आलं होतं, 'नमस्कार', आणि पुढे बदलीचं नाव. ते वाचून तिच्या अंगाची आग झाली होती, हे तिला आता लख्ख आठवलं. माझा लॅपटॉप, माझी बोटं, आणि नमस्कार हिला! पुढची ओळ होती, 'साफ'. टूलने विचारलं होतं, नक्की ना. तिने 'हो' लिहून एंटर असा मारला होता की टेबल हललं होतं.

ओळीपुढे वेळ होती. बारा एक्केचाळीस.

पण मी तर आत होते, तिने स्वतःला सांगितलं. मास्तरांना सांगितलं तसंच. मग फोन काढून पाहिलं. घरी लावलेला फोन, बारा शेहेचाळीस. खोलीत जाऊन, दाराला खुर्ची लावून, मग तिने तो लावला होता. मधली पाच मिनिटं ती इथेच होती. दुसऱ्या प्रत्येकाला तिने मिनिटाचा हिशेब विचारला. स्वतःच्या शब्दावर मात्र लगेच विश्वास ठेवला.

सगळे दुवे आता आपोआप जागेवर बसत गेले. लॉगिन बदलीचं होतं, कारण याच लॅपटॉपवर ते साठलेलं होतं. आवृत्ती जुनी होती, कारण जुनं टूल फक्त इथेच उरलं होतं. बदलीच्या यादीत काही नव्हतं, कारण तिने काही केलंच नव्हतं. आणि हेतू? ऑफिसात दुसऱ्या बाईचं नाव पुसून टाकावं असं ज्या एकाच माणसाला वाटत होतं, त्याच माणसाने ते पुसलं होतं.

एक गोष्ट मात्र बसत नव्हती. जिन्यातला फोन.

ती यादी पुन्हा पुन्हा वाचण्यात साडेअकरा वाजले होते. अण्णा आपल्या पडद्याकडे बघत होते, मुद्दाम. मास्तर पंख्याकडे बघत होते. लेकुरवाळीला कळलं की ही काळी खिडकी अजून तरी फक्त तिने पाहिली आहे. जुनं टूल काढून टाकायला एक ओळ लागते. कमांडची यादी पुसायला दुसरी. मग शून्य पूर्णांक नऊ कुठून आलं, हे कधीच कोणाला कळणार नाही. पत्रात एक नाव जाईल आणि बारा वाजतील.

घरून फोन आला. सासूबाई म्हणाल्या, "पिल्लू पालथं पडलं गं! आत्ता, पहिल्यांदा! तू कधी येतेस?"

"येते," ती म्हणाली. "एक काम आहे."

तिने लॅपटॉप तसाच, उघडा, दोन्ही हातांत धरला आणि केबिनकडे निघाली.

७

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओळ वाचली, वेळ वाचली, फोनमधली वेळ वाचली.

"तुला हे सांगायची गरज नव्हती," शेवटी त्या म्हणाल्या. "मला यातलं अक्षर कळलं नसतं."

"माहितीये."

"मग?"

"तिचं नाव जाईल ना, मॅडम. ते मागे लागेल तिच्या."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पत्र मी दहालाच पाठवलं. अण्णांच्या कागदावर तिचं नाव होतं, तू काल काही वेगळं म्हणाली नाहीस, मी थांबले नाही. आणि अजून एक आहे."

लेकुरवाळी उभीच होती.

"ती सोमवारीच माझ्याकडे येऊन गेली होती. म्हणाली, ताईंना लहान बाळ आहे, जागा त्यांचीच आहे, मी या आठवड्यात दुसरीकडे बघते. तुला सांगू नका म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून. मला ते वरवरचं वाटलं, म्हणून तर काल तुला तिच्याबद्दल तसं म्हणाले. गुरुवारी दुपारी ती जिन्यात त्या दुसऱ्या ठिकाणच्याच लोकांशी बोलत होती. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला, मुलगी कशी आहे म्हणून." मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. "मी म्हणाले, जरा थांबा, इथे एक प्रकरण झालंय."

काचेपलीकडे मास्तर डबा उघडत होते. जगात सगळं चाललं होतं तसंच चाललं होतं.

"दुसरं पत्र लिहू या," लेकुरवाळी म्हणाली. "मी टाइप करते. तुम्ही फक्त सही करा."

तिने स्वतःच्या नावाने सुरुवात केली. चूक काय, कुणाच्या लॅपटॉपवरून, किती वाजता, कशामुळे. 'कशामुळे'पाशी ती बराच वेळ थांबली. 'जुनं लॉगिन काढताना' असं लिहिलं, आणि ते खरं होतं. पुरतं खरं नव्हतं. मग पुढे एक वाक्य घातलं की ज्यांचं नाव आधीच्या पत्रात होतं, त्यांचा या घटनेशी काडीचाही संबंध नाही. उलट सांगितलेली प्रत्येक पायरी नीट पाळणाऱ्या त्याच एकट्या होत्या. ते वाक्य तिने मॅडमकडून दोनदा वाचून घेतलं. बाराला दोन मिनिटं कमी असताना पत्र गेलं. दुसरी प्रत त्या दुसऱ्या ठिकाणी गेली, आणि त्यांचं उत्तर तासाभरात आलं. जागा सकाळीच भरली होती.

केंद्राच्या डॉक्टरांनी लेकुरवाळीला फोनवर बरंच सुनावलं आणि ती ऐकत राहिली. मॅडमनी सहा महिने तिच्या हातून किल्ल्यांचं काम काढून घेतलं. अण्णा तीन दिवस बोलले नाहीत, चौथ्या दिवशी बोलले. हे सगळं तिने सोसलं, कारण ते सोसण्यासारखं होतं.

बदलीचा फोन मात्र त्या शुक्रवारपासून बंद आहे. लेकुरवाळी पिल्लूला कडेवर घेऊन तिच्या खोलीवर जाऊन आली. घरमालकीण म्हणाल्या, शनिवारीच सामान हलवलं, बहिणीकडे जाते म्हणाली, कुठली बहीण ते काही विचारलं नाही. निरोप पाठवले, ते पोचल्याची खूण येत नाही. बहुतेक तिने नंबरच टाकून दिला असावा. म्हणजे ती अजूनही कुठेतरी असंच समजून असणार की त्या कागदावर आपलं नाव आहे, आणि जिथे जाईल तिथे ते आधी पोचलेलं असेल.

म्हणून हे लिहिलं. तुमच्याकडे गेल्या दोन-तीन महिन्यांत अशी कोणी मुलगी कामाला लागली असेल. थोड्या दिवसांच्या बोलीवर. सांगितलेलं सगळं लिहून घेणारी, कुणी मोठ्याने हाक मारली तर चटकन उठून उभी राहणारी, आधी कुठे होतीस असं विचारलं की पाणी प्यायला जाणारी. तुम्हाला ती तीच वाटो न वाटो, उद्या जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसा. बरी आहेस ना, एवढं विचारा. आणि ती तीच निघाली, तर तिला सांगा की बाराला दोन मिनिटं कमी असताना दुसरं पत्र गेलं, आणि त्यात दोष तिच्या नावावर नाही.